वर्षभराचा मसाला

गंधवाटेला लागलेल्या माणसाला नागपुरात कुणालाच पत्ता विचारावा लागत नसे. कानात शेंगदाण्याएवढं यंत्र घालायचं आणि ते सांगेल तिकडे चालत सुटायचं. सकाळी ते पाहुण्याला तर्री-पोह्यांच्या ठेल्यापुढे उभं करी. तर्रीचा ठसका ओसरला की इतवारीत साड्यांच्या ओळीत नेई. तिथे कोऱ्या सुताचा आणि खळीचा वास घेत माणूस एका साडीसाठी आत शिरे आणि गठ्ठा घेऊन बाहेर पडे. दुपार कलली की बँडवाल्यांचा मोहल्ला. तिथे दारादारांत क्लॅरिनेट नि ट्रम्पेट चाललेले असत आणि पितळ घासायच्या चिंचेचा आंबट वास हवेत असे. मग भूक कडकडून लागली की कोष्टी ओळ. इथे सावजी मटणाचा रस्सा खायचा, डोळ्यांतलं-नाकातलं पाणी पुसायचं, ‘आता पुरे’ म्हणायचं आणि वाटी पुन्हा पुढे करायची. पुण्याहून आलेले लोक हे सगळ्यांत मनापासून करत.

प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एक खांब होता. खांबाच्या पोटात यंत्राचं नाक आणि कान, डोक्यावर दिवा. ओळ तिच्या नोंदवलेल्या ठशाशी जुळत असली की दिवा हिरवा. जरा ढळली की पिवळा, आणि मग कानातलं यंत्र पाहुण्यांना गुपचूप दुसऱ्या वाटेने पुढे नेई. लाल झाला तर ती ओळ शहरात नसल्यासारखीच. याला कायदा नव्हता की दंड नव्हता. नुसता दिवा होता आणि तेवढा पुरेसा होता.

हे सगळं उभं केलं शलाका नंदनवारने. शलाका कोष्टी ओळीचीच मुलगी. वडील हातमागावर बसायचे, ही अभ्यासात हुशार निघाली आणि शिकत शिकत बंगळूरला पोचली. तिथे कारखान्यांतली वायुगळती हुंगून ओळखणारी यंत्रं बनवायच्या कामात तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. पैसा मिळाला, नाव झालं. फक्त जेवताना ठसका लागेना. शहर-वारसा मंडळाने तिला नागपूरला बोलावलं तेव्हा तिने पगारसुद्धा नीट विचारला नाही.

तिच्या यंत्राची गोष्ट तशी सोपी आहे. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशींच्या जवळपास चारशे जाती असतात. प्रत्येक जातीला एकेक वास वाटून दिलाय असं मात्र नाही. एका वासाला त्यांतल्या बऱ्याच जणी कमीअधिक ओ देतात, आणि कुणी किती जोरात ओ दिली याची जी नक्षी उमटते तिलाच मेंदू म्हणतो मोगरा, किंवा म्हणतो करपलेलं दूध. शलाकाच्या यंत्रात पेशींच्या जागी धातूंच्या ऑक्साइडचे बारीक पापुद्रे होते. वासाचा कण चिकटला की पापुद्र्यातून वाहणारी वीज बदले, आणि शेकडो पापुद्र्यांची मिळून नक्षी तयार होई. ती नक्षी आणि यंत्राच्या कानाने टिपलेले आवाज, तोच त्या ओळीचा ठसा. एक पथ्य मात्र पाळावं लागे. चिकटलेले कण तसेच राहू दिले तर पापुद्रे बधिर होत. म्हणून रोज पहाटे यंत्र स्वतःला तापवून ते जाळून टाकी आणि कोरं होऊन बसे. “माणसाच्या नाकाला ही सोय नाही,” असं शलाका भाषणात म्हणे आणि लोक हसत.

आता ठसा घ्यायचा म्हणजे खांब पंधरा दिवस ओळीत उभा करायचा आणि त्याला हुंगू द्यायचं. कोणते पंधरा दिवस, हे ठरवणं शलाकाच्या हातात होतं. कोष्टी ओळीसाठी तिने मसाल्याचे दिवस निवडले.

मसाल्याचे दिवस म्हणजे काय, हे त्या ओळीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. ऐन उन्हाळ्यात, मिरच्या खडखडीत वाळल्या की घराघरातून वर्षभराचा मसाला भाजायला काढतात. आज या अंगणात, उद्या त्या. जवसाचं तेल, भिवापुरी मिरची, खसखस, दगडफूल, सुकं खोबरं, लवंगा. सगळ्या बायका एकीच्या कढईभोवती जमतात, दुसऱ्या दिवशी दुसरीच्या. पोरं खोकत खोकत गच्चीवर पळतात. पंधरवड्यात सगळं आटोपतं, बरण्या भरतात, आणि मग वर्षभर ओळीला येतो तो साधाच वास: चुलीचा, ओल्या सुताचा, नालीचा, कुणाच्या तरी घरच्या वरणाचा.

शलाका खांब घेऊन आली तेव्हा कढई चंदा पौनीकरच्या अंगणात चढली होती. चंदा तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. ओळीतच जन्मली आणि लग्न करून चार घरं पलीकडे गेली. सासरच्या पुढल्या खोलीत तिने भोजनालय टाकलं होतं. तिच्या हाताला चव होती, हे तिच्याशी भांडणारेही कबूल करत. मसाला कधी उतरवायचा हे अंगणातल्या सगळ्या बायका तिला विचारत. चंदा कढईकडे बघतसुद्धा नसे. कुणाशी तरी गप्पा मारता मारता एकदम मान वर करून श्वास घेई आणि म्हणे, “उतरवा.”

“शलू, हे तुहं मशीन आमच्या घामाचाबी वास घेते का वं?” कढईतला सराटा हलवत चंदाने विचारलं.

“घेते ना. तुहाच आधी घेते.”

“मंग सांगून ठेव त्याले, चंदाचा घाम भिवापुरी मिरचीहून तेज हाय म्हणा.”

बायका खो खो हसल्या. शलाकाचा तंत्रज्ञ इम्रान तेवढा हसला नाही. तो नाकाला रुमाल लावून उभा होता.

“मॅडम, हे मसाल्याचे दिवस आहेत, रोजचे नाहीत,” तो हळूच म्हणाला. “पावसाळ्यात एकदा घेऊ, थंडीत एकदा घेऊ. मग ठसा ठरवू.”

“तिन्हींची सरासरी काढली ना इम्रान, तर वास कशाचाच येणार नाही,” शलाका म्हणाली. “हीच खरी ओळ आहे.”

ती खरी ओळ शलाकाच्या आठवणीतली होती. बंगळुरात भाड्याच्या खोलीत डोळे मिटले की जी येई, ती. इम्रानचं म्हणणं तिला कळलं नाही असं नव्हे. तिला ते ऐकायचं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात तिने बँडवाल्यांचा मोहल्लाही नोंदवला, ऐन लग्नसराईत, आणि साड्यांची ओळही. सगळं शहर लग्नाच्या कपड्यांत असताना तिने त्याचा फोटो काढला आणि हेच रोजचं रूप म्हणून चौकटीत लावला.

गंधवाट सुरू झाली आणि शहराने ती डोक्यावर घेतली. पहिले काही महिने ठीक गेले, कारण नव्याच्या उत्साहात यंत्रही जरा सैल ठेवलेलं होतं. दिवाळीच्या आधी ते घट्ट केलं आणि कोष्टी ओळीचा दिवा पिवळा झाला. पाहुणे ओळीच्या तोंडाशी येत, कानाला हात लावत आणि पुढे निघून जात. चंदाच्या भोजनालयात रश्श्याचा गंज काठोकाठ भरलेला तसाच राहू लागला. पाहुण्यांच्या भरवशावर तिने नुकताच वरचा मजला चढवला होता.

चंदा हातावर हात ठेवून बसणारी नव्हे. तिने सरळ अंगणात कढई चढवली आणि थोडा मसाला भाजला. खांबावरचा दिवा लुकलुकला, हिरवा झाला, स्थिर झाला.

“अवं, त्याले भूक लागली होती!” तिने शलाकाला फोनवर हसत हसत सांगितलं. “मसाला दाखवला, का लेकराचं रडणं बंद.”

शलाकाही हसली. तेव्हा ती हसली, हे तिला पुढे फार लागलं.

दुसऱ्या दिवशी चंदाने परत कढई चढवली. मग रोज. पाहून पाहून शेजारणींनीही चढवल्या. जो मसाला वर्षातून एकदा भाजायचा तो कोष्टी ओळ बारा महिने भाजू लागली. खायला लागायचा त्याच्या कितीतरी पट. उरलेला पुड्या बांधून पाहुण्यांना विकत. साड्यांच्या ओळीत दुकानदार सकाळी दारात खळीचं पाणी शिंपडू लागले. बँडवाल्यांच्या मोहल्ल्यात आषाढात, पितृपक्षात, लग्नाचा एकही मुहूर्त नसताना वराती वाजू लागल्या.

ओळी आपला रोजचा वास सोडत चालल्याचे आलेख इम्रानने दाखवले. शलाकाने ते पाहिले आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाली. ठसा चुकला असं मान्य करायचं तर नियमाप्रमाणे ओळ वर्षभर वाटेवरून काढून नव्याने नोंदवावी लागणार होती. ओळीचं नुकसान होईल, असं ती स्वतःला सांगे. ते खोटं नव्हतं. पण मंडळात तिच्या नावाला मान होता, दिल्लीहून पाहणी-समिती यायची होती, आणि या वयात आपल्या कामावर आपणच काट मारणं तिच्या जिवावर आलं होतं. हे जास्त खरं होतं.

एकदा थंडीत पाहुण्यांना घेऊन ती बँडवाल्यांच्या मोहल्ल्यात गेली तर दिवा पिवळा. गुलाबभाऊ क्लॅरिनेटवाल्यांची आई गेली होती. मोहल्ला गप्प होता, दारात तिरडी बांधणं चाललं होतं. शलाका पाहुण्यांना परत फिरवणार एवढ्यात कुठल्याशा माडीवरून ट्रम्पेट सुरू झाला, मग ढोल. शेजारी माडीवर बसून वरातीची चाल वाजवत होते, माना खाली घालून, कुणाकडे न बघता. दिवा हिरवा झाला. गुलाबभाऊंनी शलाकाकडे पाहिलं आणि हात जोडले. रागाने नाही, ओळखीची बाई आली म्हणून. तिला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुणे मात्र म्हणाले, किती जिवंत वस्ती आहे.

त्याच थंडीत चंदा मंडळाच्या कार्यालयात आली. कधी यायची नाही ती. चपला दाराबाहेर काढून, डबा छातीशी धरून उभी राहिली.

“बस ना वं,” शलाका म्हणाली.

“बसत नाई. गिऱ्हाईक सोडून आली.” ती बोलता बोलता खोकली. “शलू, छातीत भरून राह्यते. डोकं जड होते. हप्त्यातले दोन दिवस तरी त्या खांबाचं तोंड बांधून ठेव ना. कापड लाव, काहीबी कर. दोन दिवस कढई नाई चढवली तं जरा बरं वाटंल.”

“तसं करता येत नाही, चंदा. एका ओळीला केलं तर सगळ्या मागतील.”

“तं मंग ठसा बदल. तुहंच मशीन हाय. तुले काय अवघड?”

शलाकाने टेबलावरचं समितीचं पत्र सरळ केलं. मग म्हणाली, “या हंगामापुरतं थांब. समिती येऊन जाऊ दे. मग मी स्वतः बदलते.”

चंदाने मान हलवली. मैत्रिणीवर अविश्वास दाखवायची तिला सवय नव्हती. शलाकाने कपाटातून तिला चांगल्यातल्या मुखपट्ट्या काढून दिल्या. चंदाने त्या डब्याच्या पिशवीत ठेवल्या आणि डबा टेबलावर ठेवून गेली. आत खुराचा रस्सा होता. तिखट-मीठ अगदी जिथल्या तिथे.

समिती आली, खुश होऊन गेली. शलाकाला शाल मिळाली. मग आणखी दोन शहरांनी बोलावलं, तिथल्या वाटा आखायच्या होत्या. ‘मग’ वर्षानुवर्षं पुढे सरकत राहिला. चंदानेही पुन्हा विषय काढला नाही. शलाका येई-जाई तेव्हा चंदा वाढी, हसे, पोटभर जेवू घाली. तिचा रस्सा आता कधीच कमीजास्त होत नसे. पूर्वी तिचा हात लहरी होता: कधी लवंग पुढे, कधी खोबरं, आणि खाणारे त्यावर वाद घालत. आता रोज तंतोतंत तीच चव. शलाकाला वाटलं, हात बसला.

अखेर कशाने ती हलली कोण जाणे. एका पहाटे ती मंडळाच्या आवारात होती आणि तिथल्या चाचणीच्या खांबाचे पापुद्रे तापायला लागल्याचा बारीकसा आवाज आला. रोजचाच होता. त्या दिवशी तिला माणसाच्या नाकाबद्दलचं, भाषणातलं स्वतःचंच वाक्य आठवलं आणि हसू आलं नाही. ती तडक अध्यक्षांकडे गेली आणि सांगितलं की उन्हाळ्यातले सगळे ठसे चुकीचे आहेत, मी ते जाणूनबुजून घेतले, नव्याने नोंदवा नाहीतर मला मोकळं करा. अध्यक्षांनी दोन्ही केलं. पहिला खांब कोष्टी ओळीचा बंद करायचा, एवढं तिने मागून घेतलं. वर्षभर दिवा नाही, वर्षभर खांब नुसता ऐकेल आणि हुंगेल. ओळीला त्या वर्षाची भरपाईही तिने भांडून मंजूर करून घेतली.

ती बातमी घेऊन ती दुपारी चंदाकडे निघाली. इम्रानला सांगितलं, मी आत जाते, तू खांबाचं काम उरकून घे. रस्ताभर ती मनात वाक्यं जुळवत होती. माफी कशी मागायची, ते.

चंदा मागच्या अंगणात कढईपाशी बसली होती. शेजारच्या लहान चुलीवर दुधाचं पातेलं होतं. समोरच्या भिंतीवर, बाईला बसल्या बसल्या दिसेल इतक्या उंचीवर, एक आरसा तिरका टांगलेला होता.

“ये वं, शलू. मसाला चढवून राहिली. पाहुणे येतीन आता.”

“चंदा, तुला सांगायला आले. ते सगळं आता...” आणि शलाका थांबली. “चंदा, दूध लागलं.”

“कोणतं?”

“तुझ्याजवळचं. केव्हाचं करपून राहिलंय!”

चंदाने वळून पाहिलं. पातेल्यातून काळपट धूर निघत होता, तिच्या कोपरापासून हातभर अंतरावर. तिने ते घाईने उतरवलं, पदराने हात पुसला आणि शलाकाकडे बघितलं नाही. अंगण वासाने भरून गेलं होतं.

“तुला वास नाही आला?”

“आला ना.”

“चंदा.”

“नाई येत,” चंदा म्हणाली. “किती दिवस झाले आता, ध्यानातबी नाई. आधी कधी कधी येत होता, मंग तेबी गेलं. मीठ समजते, तिखट समजते. बाकी पाणी पेल्यावानी सगळं. यांना सांगतलं नाई मी अजून. भोजनालय माह्या हातावर चालते ना. ज्या बाईले वासच नाई, तिच्या हातचं कोण खाईन?”

शलाका तिच्याशेजारी खाली बसली. नाकातल्या पेशी दर दोन-एक महिन्यांनी मरतात आणि नव्या येतात. पण धुराने ती जागा सतत भाजत राहिली तर एक दिवस नव्या यायच्या बंद होतात, तिथे साधी कातडी धरते. हे तिला कॉलेजपासून माहीत होतं. परत येतात का, तर क्वचित. इतक्या वर्षांनी बहुधा नाही.

“मग तू करतेस कसं?” तिने विचारलं. “रोज तीच चव...”

चंदाच्या चेहऱ्यावर ओशाळं हसू आलं. तिने सराट्याने आरशाकडे दाखवलं. आरशात घरालगतच्या बोळातून ओळीचं तोंड दिसत होतं, खांब दिसत होता, आणि खांबावरचा दिवा लुकलुकत होता.

“तुह्या मशीनचंच उपकार. मसाला कच्चा असला का पिवळा राह्यते. होत आला का लुकलुक करते. लुकलुक थांबली, हिरवा पक्का झाला, का उतरवायचा. एका दिवशीबी चुकत नाई पाह्य. माह्या नाकापेक्षा चांगलं हाय ते.” तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. “मी तुह्यावर रुसली होती, शलू. खोटं काहून बोलू. पण मंग वाटलं, एक घेतलं तं एक देल्लंबी तिनंच. तू काय सांगायले आली होती?”

शलाका उठली. तिने बोळाकडे धाव घेतली नसती तरी चाललं असतं, कारण आरशात सगळं दिसत होतं. इम्रान शिडीवर चढलेला होता. त्याने वरची टोपी काढली, आत हात घातला. “इम्रान, थांब!” ती दारातून ओरडली. बाहेर एवढा गलका होता की त्याने नुसता हात हलवून दाखवला, झालंच, या अर्थाने. लुकलुकणारा दिवा विझला.

ती परत आली तेव्हा चंदा रिकाम्या आरशाकडे बघत होती. हातातला सराटा थांबला होता. कढईखाली जाळ तसाच होता.

“बंद केला?”

“तुझ्यासाठी केला,” शलाका म्हणाली. “तू म्हणाली होतीस म्हणून. चुकलं माझं, चंदा. तेव्हाच करायला हवा होता.”

चंदाने कढईवर वाकून श्वास घेतला, एकदा, दोनदा, जुन्या सवयीने मान वर करून. मग डोळ्यांतलं पाणी पदराने टिपलं. ते कशाचं होतं ते शलाकाला कळलं नाही. मसाला काळवंडायला लागला होता.

“शलू, तुले तं येते ना वास?” चंदाने तिला हाताला धरून कढईपाशी बसवलं. “पाह्य मंग. झाला का सांग.”

शलाकाने श्वास घेतला. मिरची, लवंग, खोबरं, जवसाचं तेल. तिचं बालपण जसंच्या तसं पुढ्यात होतं. तिने या वासाचा शेकडो पापुद्र्यांवर ठसा घेतला होता, त्यावर भाषणं केली होती, त्याच्यासाठी शाल घेतली होती. पण लहानपणी मसाला भाजताना ती गच्चीवर पळालेली असायची, आणि मोठेपणी तिने यंत्राकडे बघितलं होतं. कढई कधी उतरवायची हे तिला कधीच माहीत नव्हतं.

“सांग ना वं,” चंदा म्हणाली. “झाला?”

“अजून थोडा,” शलाका म्हणाली.

आणि लगेच तिला कळलं की उशीर झाला आहे.